बदली माणसाचा वाटा

तलमडुगूकडून ओढा उतरून पुढे गेलं की देवझरी लागते. तिथल्या मराठी शाळेचे मुख्याध्यापक पांडुरंगराव गुरुजी मुलगा-मुलगी असा भेद करत नसत. ही गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती, कारण ती गुरुजींनीच सांगितली होती. पंधरा ऑगस्टला सांगितली, सव्वीस जानेवारीला सांगितली, आणि एका लग्नात वाजंत्रीवाले पान खायला गेले असताना माईक मोकळा सापडला, तेव्हा तिथेही सांगितली. नवरा-नवरी ताटकळले, पण समानतेचा मुद्दा पुरा झाला.

घरात तर या तत्त्वाचा कळसच होता. गुरुजींना दोन लेकरं. थोरला व्यंकटेश आणि त्याच्या पाठची वनमाला. व्यंकटेशने पाचवीत एक वर्ष जादा मुक्काम केल्यामुळे दोघं आता एकाच वर्गात, सातवीत होते. दोघांना पुस्तकं सारखी. म्हणजे संच एकच, आणि तो व्यंकटेशचा. तो गोट्या खेळायला गेला की वनमालेचा. तो गोट्या पुष्कळ खेळायचा, त्यामुळे पोरीचं नुकसान असं काही होत नव्हतं. जेवायला दोघांना एकाच भांड्यातला रस्सा. आता तर्री वर तरंगते आणि पाणी तळाला राहतं, हा काही गुरुजींचा दोष नव्हे. गुरुजींच्या पत्नी विमलबाई आधी मुलाला वाढायच्या, म्हणून तर्री त्याच्या वाटीत जायची. वनमाला शेवटी बसायची, कारण बोरिंगवरून पाणी आणून भाकरी थापून होईपर्यंत तिला भूक लागत नाही, असा घरात समज होता. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण समज पक्का होता.

त्या वर्षीच्या, म्हणजे एक्क्याण्णवच्या पंधरा ऑगस्टला गुरुजी जरा जास्तच रंगले. झेंड्याच्या दोरीला एक हात लावून ते म्हणाले की, माझ्या घरात जे लेकरू सातवी पास होईल ते आदिलाबादला माझ्या भावाकडे राहून पुढे शिकेल, मुलगा असो की मुलगी असो. टाळ्या पडल्या. भाऊ नरसिंगराव तिकडे एका सरकारी कचेरीत कारकून होते, त्यांचं घर दोन खोल्यांचं, आणि एकच लेकरू ठेवीन असा त्यांचा आधीच निरोप होता. ते एक लेकरू कोणतं हे गुरुजींच्या मनात इतकं ठरलेलं होतं की वाक्य मोठ्या मनाने बोलताना त्यांना काही धोका वाटला नाही.

वनमालेने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती ते वाक्य पाठ करत होती. नापास झाली तर तिचं काय होणार हेही ठरलेलं होतं: बाजारहत्नूरला मामाच्या घरी भाकरी थापायला जायचं, आणि पुढे मामा दाखवील त्या घरी थापायच्या. व्यंकटेश नापास झाला तर तो पुन्हा बसणार होता. मुलगा आहे, बसेल.

आता शाळेची रीत. खोल्या दोन, जमीन मातीची. रोज सकाळी पोरींनी शेण-पाणी आणायचं, झाडायचं, सारवायचं. तोवर खोल्या ओल्या, म्हणून गुरुजी पोरांना कडुनिंबाखाली घेऊन गणित शिकवायचे. सकाळी डोकं थंड असतं, आणि गणित थंड डोक्यातच बसतं, असं त्यांचं मत होतं. पोरींच्या दोन तुकड्या होत्या, एक दिवसाआड पाळी. त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस प्रत्येक पोरीचं गणित शेणात जायचं. पण इतक्या वर्षांत कुणाची तक्रार नव्हती. पोरींना हिशेब लागतो किती? भाकरी मोजण्यापुरता.

दिवाळीनंतर आदिलाबादला गुरुजींचं प्रशिक्षण झालं. हैदराबादहून आलेले साहेब तेलुगूत बोलले. गुरुजींचं तेलुगू बाजारापुरतं आणि बसच्या तिकिटापुरतं होतं. त्यामुळे दिवसभराच्या भाषणातलं 'समानम्' आणि 'भोजनम्' एवढं त्यांना पक्कं समजलं. बाकीचं त्यांनी शेजारच्या मास्तराकडून समजून घेतलं: शाळेतलं काम मुला-मुलींना सारखं वाटून द्या. गुरुजींना आश्चर्य वाटलं. आपण जे इतकी वर्षं बोलत आलो ते करायचंही असतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. पण ते हुकमाची तामील करणारे गृहस्थ होते. गावी आल्याबरोबर प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार सगळ्या पोरांनी झाडायचं-सारवायचं, मंगळवार, गुरुवार, शनिवार सगळ्या पोरींनी.

संध्याकाळी चंपतराव पाटील दारात हजर. शाळा कमिटीचे ते अध्यक्ष. गुरुजी राहत होते ते घर त्यांचं, गुरुजींच्या चुलीतलं सरपण त्यांच्या शेतातलं. त्यांनी चहा घेतला नाही, यावरूनच मामला गंभीर होता.

"गुरुजी, पोराच्या हाती फडा देऊन राह्यले म्हनते तुमी," चंपतराव म्हणाले. "उद्या बांगड्याही शाळेतूनच वाटसान काय?"

गुरुजींनी साहेबांचं नाव सांगितलं, हैदराबादचं नाव सांगितलं. चंपतरावांवर हैदराबादचा काही परिणाम झाला नाही. त्यांच्या आजाने निजामाचे हुकूमही सोयीने पाळले होते. तेव्हा गुरुजींनी डोकं चालवलं, आणि त्यांना गावकीचा रिवाज आठवला. देवझरीत उन्हाळ्याच्या तोंडी गावविहिरीचा गाळ काढतात. घरटी एक माणूस. ज्याला जमत नाही त्याने आपल्या जागी बदली माणूस द्यायचा. बदली माणूस आला की तो घरधन्यासारखाच. त्याला कोणी परत पाठवत नाही, आणि काम झाल्यावर शिरा-पुरीचा वाटाही त्यालाच.

"तसंच शाळेत," गुरुजी म्हणाले. "पाळी पोराची. पण त्याला बरं नसलं, काही अडचण असली, तर त्यानं बदली द्यावी. नियमही राहिला, तुमचाही मान राहिला."

चंपतरावांनी मग चहा घेतला, दोनदा घेतला.

पुढल्या सोमवारी, म्हणजे पोरांच्या समानतेच्या पहिल्याच दिवशी, गावातल्या सगळ्या पोरांना एकदम अडचण आली. कुणाचं पोट दुखत होतं, कुणाच्या पायात काटा होता. चंपतरावांच्या मुलाला तर नुसतीच अडचण होती, कारण सांगण्याइतकीही शक्ती त्याच्यात नव्हती. आणि प्रत्येकाने बदली म्हणून बहीण पाठवली. व्यंकटेशच्या बदली वनमाला आली. झाडझूड झाली, सारवण झालं, आणि पोटदुखीने हैराण झालेली पोरं कडुनिंबाखाली मांडी घालून अपूर्णांक शिकली. बुधवारी तेच, शुक्रवारी तेच. मंगळवार, गुरुवार, शनिवार तर पोरींचे हक्काचेच होते.

समानता येण्याआधी वनमालेचं गणित आठवड्यातून तीन दिवस बुडत होतं. समानता आल्यावर सहा दिवस बुडायला लागलं. गुरुजी मात्र खूश होते. शाळा पहिल्यापेक्षा चकचकीत दिसत होती, आणि पोरं मनावर घेतात तेव्हा किती छान सारवतात, असं ते दोघा-तिघांना बोलूनही दाखवत.

एकट्या जयवंताबाईची पंचाईत झाली. तिला एकच पोरगा, बहीण नावाची वस्तू घरात नाही. पण तिने नियम मोडला नाही. ती स्वतःच आली, डोक्यावर पदर, कमरेला खोचलेला घोळ, बगलेत झाडायला घरचाच फडा. वर्ग झाडून झाल्यावर ती कडुनिंबाखाली गुरुजींसमोर उभी राहिली.

"गुरुजी, बदली आली होती म्या. वाटा काय?"

गुरुजींनी तिला समजावलं की शाळेत वाटा नसतो, शाळेत विद्या असते.

"मंग थेच द्या. थे तं माहं पोरगं खाऊन राह्यलं," जयवंताबाई म्हणाली, आणि फडा खांद्यावर टाकून कापूस वेचायला चालती झाली. पोरं हसली. गुरुजीही हसले, अडाणी बाई, असं म्हणून त्यांनी अपूर्णांक पुढे चालू केले. खिडकीआड सारवत बसलेली वनमाला मात्र हसली नाही. तिचा हात शेणात तसाच थांबला होता.

त्या दिवशी घरी तिने बापाला विचारून पाहिलं की गणित दुपारी घेता येईल काय. गुरुजी दयाळूपणे हसले. त्यांनी सांगितलं की पोटात भाकर गेली की रक्त खाली उतरतं, मग अपूर्णांक वर चढत नाहीत. हे शास्त्र आहे, यात मुलगा-मुलगी असं काही नाही. मग तिने दादाला विचारलं की, सकाळचं बोरिंगचं पाणी तू आणशील काय, म्हणजे मी लवकर जाऊन झाडून मोकळी होईन. व्यंकटेशने प्रामाणिकपणे विचार केला, आणि बोरिंगवर साऱ्या बाया असतात, मले लाज वाटते, असं सांगितलं. विमलबाईंनी त्याच्या लाजेचं कौतुक केलं. मुलगा मोठा होऊन राह्यला म्हणाल्या.

तेव्हा वनमालेने आपली सोय आपण केली. गुरुजींचा आवाज माईकला सरावलेला. कडुनिंबाखालचा अपूर्णांक थेट खोलीत ऐकू यायचा. ती सारवताना ओल्या शेणात बोटाने गणित मांडायची, उत्तर आलं की त्यावरून हात फिरवायची, आणि एक हात मागे सरकून पुढचं मांडायची. वर्ग संपेपर्यंत सारी खोली सारवलेली आणि गणितं पुसलेली. मागच्या भिंतीपाशी कधीकधी एखादं राहून जायचं. त्यावर बसून पोरं भूगोल शिकायची.

मध्यंतरी एक साहेब शाळेच्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले. दिवस शुक्रवार होता. गुरुजींनी त्यांना तेलुगू, हिंदी आणि हातवारे यांच्या मदतीने सांगितलं की आज पोरांची पाळी आहे. साहेबांनी आरशासारखी जमीन पाहिली, कडुनिंबाखालची पोरं पाहिली, आणि पोरांनी सकाळीच एवढं काम करून वर गणितालाही बसावं, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. पोरी तेव्हा ओढ्यावर हात धुवायला गेल्या होत्या. साहेबांनी गुरुजींची पाठ थोपटली. गुरुजींनी ती पाठ पुढे आठवडाभर ताठ ठेवली.

एप्रिलमध्ये सातवीची परीक्षा झाली, जूनच्या आधी निकाल लागला. वनमाला पास झाली. गणितात काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला. व्यंकटेश नापास झाला, आणि तोही गणितातच. वर्षभरात त्याने गणिताचा एकही तास चुकवला नव्हता.

गावाने गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं. गुरुजींनी दोन दिवस विचार केला आणि निकालाचा अर्थ लावला. तो असा: जी पास झाली तिला येतं, जिला येतं तिला शिकवायची गरज काय? जो नापास झाला, गरज त्याला. तेव्हा न्यायाने पाहता आदिलाबादची जागा व्यंकटेशची. तिथे तो पुन्हा सातवीला बसेल. आणि पोरगी हुशार आहे, ती कुठेही राहिली तरी हुशारच राहील. बाजारहत्नूरला काय हुशार माणसं राहत नाहीत? विमलबाईंना हा अर्थ पटला. त्यांना गुरुजींचा प्रत्येक अर्थ पटायचा. न पटून जाणार कुठे?

शाळा उघडायच्या आदल्या सोमवारी चंपतराव ट्रॅक्टर घेऊन बियाणं आणायला आदिलाबादला निघाले, आणि वाटेत गुरुजींच्या दारात थांबले. व्यंकटेशची ट्रंक ओट्यावर काढून ठेवली होती. ट्रंकेच्या बाजूला व्यंकटेश तोंड पाडून बसला होता. नरसिंगकाका पहाटे उठवतात, आंघोळीआधी पाढे म्हणायला लावतात, आणि तिकडे पोहायला ओढा नाही, एवढी माहिती त्याने काढून ठेवली होती. जयवंताबाई बोरिंगवरून येता येता घागर कमरेवर घेऊन थांबली, कारण ट्रॅक्टर थांबला की देवझरीत कुणीही थांबतं.

गुरुजी मुलाला उपदेश करत होते. तो संपायची वाट न पाहता वनमाला ओट्यावर आली आणि ट्रंकेच्या कडीला हात घालून म्हणाली, "बाबा, दादाच्या बदली मी जाईन."

गुरुजींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

"वर्षभर दादाच्या बदली झाडलं," ती म्हणाली. कडी तिने सोडली नव्हती. "काम बदलीनं केलं तं वाटाही बदलीचा. पंधरा ऑगस्टचं मी काही काढत नाही. तुमचा शाळेचा नियमच सांगून राह्यली."

गुरुजी म्हणाले की शाळेतली गोष्ट शाळेत, घरात शाळा आणू नये. पण तेवढ्यात व्यंकटेश ताडकन उठला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादं उत्तर एका झटक्यात आलं होतं.

"हाव बाबा, माह्याकून वनीच. मले अडचन हाये. म्या बदली दिली."

ओट्याखाली जयवंताबाई पदरात तोंड घालून हसली. "द्या गुरुजी, द्या," ती म्हणाली. "माहा वाटा राह्यला तं राह्यला. पोरीचा तरी द्या."

गुरुजींनी आधार म्हणून चंपतरावांकडे पाहिलं. पोरीला एवढं शिकवायचं कशाला, असं हा माणूस नक्की म्हणेल, याबद्दल त्यांना शंका नव्हती. चंपतरावांचं मतही खरोखर तेच होतं. पण त्यांच्यापुढे आता पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न नव्हता, रिवाजाचा होता. त्यांच्या मुलाच्या बदली त्यांची मुलगी वर्षभर शेण उचलत होती, ते याच रिवाजाच्या बळावर. शिवाय विहिरीचा गाळ पुढच्या वर्षीही काढायचा होता.

"असं कसं गुरुजी," ते ट्रॅक्टरवरूनच म्हणाले. "बदली तं तुमीच ठेवली शाळेत. बदली माणसाले आमच्या बापाच्या काळापासून कोनी वापस नाही पाठवलं. तुमी आज पाठवलं तं उद्या माह्या बदली विहिरीले कोन येईन? बस पोरी, ट्रंक वर ठेव."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. तेवढ्या वेळात त्यांचं मत बदललं, किंवा ते पहिल्यापासून असंच होतं हे त्यांना आठवलं.

"मी नाही कुठं म्हटलं?" ते म्हणाले. "मी तिचा निश्चय पाहत होतो."

विमलबाईंनी घाईघाईने ट्रंकेतल्या चड्ड्या आणि शर्ट काढले, आणि पोरीचे दोन परकर-पोलके भरले. लोणच्याची बरणी व्यंकटेशसाठी भरली होती; ती काढायला त्यांचा हात गेला, मग तशीच राहू दिली. ट्रॅक्टर ओढ्यात उतरेपर्यंत वनमाला ट्रंकेवर बसून होती आणि तिने कडी सोडली नव्हती. एकदा सोडली की बाबांना आणखी एखादा अर्थ सुचेल, याची तिला खात्री होती.

पुढची हकीकत गुरुजी भाषणात सांगत नाहीत.

शाळा उघडल्यावर पहिला सोमवार आला. पोरांची पाळी. सगळ्यांना नेहमीप्रमाणे अडचणी आल्या, सगळ्यांनी बहिणी पाठवल्या. व्यंकटेशलाही अडचण आली, पण बहीण आदिलाबादला होती. गुरुजींनी घरी विमलबाईंना सुचवून पाहिलं, की जयवंताबाई जाते तशी तूही एखाद्या दिवशी. विमलबाईंनी डोळे मोठे केले.

"आवं, हेडमास्तरच्या बायकोनं शाळेत शेण टाकायचं? तुमची इज्जत काय राहीन?"

गुरुजींना हा मुद्दा पटला. तेव्हा देवझरीच्या शाळेत पहिल्यांदा एका मुलाच्या हाती खरोखर फडा आला, आणि तो मुख्याध्यापकांच्या मुलाच्या. पोरी त्याला दाखवत होत्या की शेणात पाणी किती, हात कुठून कुठे. गुरुजी कडुनिंबाखाली अपूर्णांक सांगत होते, पण लक्ष खोलीकडे होतं. पोराचं गणित कच्चं, त्यातच नापास झालेला, आणि नेमका गणितालाच तो आत सारवत बसलेला. खिडकीतून त्याचं वाकलेलं डोकं दिसायचं आणि गुरुजींचा छेद अंशाच्या जागी जायचा. हे दुःख त्यांनी याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे खिडकी तीच होती, तिच्यात डोकी वेगळी असायची.

बुधवारी त्यांनी वेळापत्रक बदललं. गणित दुपारी, शेवटच्या तासाला, सगळ्यांना एकत्र. जेवणानंतर डोकं स्थिर होतं आणि स्थिर डोक्यात गणित जास्त बसतं, असं त्यांनी प्रार्थनेनंतर सांगितलं. हेही शास्त्रच होतं. त्या दुपारी शाळेतल्या सगळ्या पोरी पहिल्यांदाच एकदम गणिताला बसल्या, आणि गुरुजींनी वर्गभर नजर फिरवून मनाशी नोंद केली की आपण समानता आणली.

पंधरा ऑगस्टला त्यांनी ते सांगितलंही. माझ्या घरात आधी मुलीला पुढे पाठवलं, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. झेंड्याखालची जमीन व्यंकटेशने झाडलेली होती. बरी झाडली होती, कोपरे सोडले तर.

पोळ्याच्या सुमारास आदिलाबादच्या शाळेला सुट्टी मिळाली आणि वनमाला घरी आली. सोमवार होता. गुरुजी ओट्यावर चहा घेत होते. व्यंकटेश फडा घेऊन शाळेला निघाला होता, तो बहिणीला पाहून अर्ध्या वाटेतून परत फिरला. त्याचा चेहरा उजळला होता.

"आली न वनी? घे. आज माही बदली."

वनमालेने फड्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं.

"येते बदली," ती म्हणाली. "वाटा काय देशीन?"

"काय पाहिजे?"

"आज रश्श्यावरची तर्री माह्या वाटीत."

व्यंकटेश उभा राहून विचार करायला लागला. एवढा विचार त्याने सातवीच्या पेपरातही केला नव्हता. मग त्याने फडा परत खांद्यावर टाकला आणि मुकाट्याने शाळेची वाट धरली. गुरुजींनी चहाची बशी तोंडाला लावली. समोर माईक नव्हता.